शेवटून दुसरा

४ मार्च, मंगळवार

पुन्हा शेवटचा! सहा कप्तानांत सहावा. आमच्या अंतराळयानाच्या मालिकेच्या चाहत्यांच्या गटावर ‘सर्वांत नावडता कप्तान कोण’ ही हाणामारी गेले कित्येक दिवस चालू आहे आणि मी ती रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. आज एक जण लिहितो, “सहावा यान चालवत नाही, यानात बसून बसची वाट बघतो.” त्याखाली बदामच बदाम.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे लोक! यांतल्या एकानं तरी तो चकाकता सूट घालून, दिव्यांच्या उकाड्यात, हिरव्या पडद्यापुढे उभं राहून “शत्रू आला” म्हणून दाखवावं. शत्रू नसतोच समोर. काठीला बांधलेला टेनिसचा चेंडू असतो. गेली दोन वर्षं मी चेंडूंना घाबरतोय. आणि मन लावून घाबरतोय.

६ मार्च

निर्माता जिन्यात भेटला. म्हणजे मीच जिन्यात थांबलो होतो. पुढच्या पर्वाच्या कराराचं काय, विचारलं. “राजा, महिनाअखेर गटावर मतदान आहे, लोकांचा कौल होऊन जाऊ दे. शेवटच्याला पुढे रेटायला वाहिनी तयार नाही. मी काय करणार सांग.” खांद्यावर हात ठेवून गेला. हात ठेवला की समजावं.

म्हणजे धूमकेतू, उल्का, शून्य असली नावं लावून बसलेली ही रिकामटेकडी मंडळी माझं पोट ठरवणार!

तीस वर्षं ही मालिका चालली आहे. दर काही वर्षांनी जुना कप्तान शीतपेटीत झोपायला जातो आणि नवा बाहेर येतो. शीतपेटी म्हणजे प्लायवूडचं कपाट. एरवी आत झाडू ठेवतात. मला त्या कपाटात जायचं नाही. इथून बाहेर पडलो तर या वयात कोण विचारणार? साबणाच्या जाहिरातीत सासरा, फार तर. भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे.

बायको म्हणाली, “वाचतोसच कशाला? दाढ काढताना मी पेशंटची मतं घेते का?” दातांची डॉक्टर आहे ती. तिचं पेशंटना पर्याय नाही म्हणून चालतं.

९ मार्च, रविवार

गटात शिरलो. खोटं नाव, ‘शेजारी’. औषधांच्या दुकानात काम करतो असं सांगितलं. पहिलंच वाक्य जपून लिहिलं – “सहाव्याच्या डोळ्यांत एक खोल वेदना आहे.”

धूमकेतूनं लगेच लिहिलं, “बद्धकोष्ठता असेल. तुम्हीच काही तरी द्या.”

शून्य नावाच्या एक बाई आहेत, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी सरळ विचारलं, “तुम्ही त्याचे नातेवाईक का?” नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत धूमकेतू मला गुडघेदुखीवर काय घेऊ ते विचारत होता.

१० मार्च

स्वतःचीच बाजू घेणं हा फार हलका धंदा आहे. आणि तोही मला जमत नाही.

१३ मार्च

सुचलं! आपल्याला वर चढता येत नसेल तर कुणाला तरी खाली ओढावं. पण कुणाला? पहिला कप्तान म्हणजे यांचा देव, त्याच्याबद्दल ब्र काढला तर जीव घेतील. दुसरा वारला. माणूस वारला की त्याचा अभिनय सुधारतो. तिसरी बाई होती. अर्धा गट शाळेत असताना तिच्या प्रेमात पडला आणि अजून उठलेला नाही. पाचव्याला अभिनय येत नाही पण दंड आहेत.

उरला चौथा. त्याला कोणी शिव्या देत नाही, कौतुकही करत नाही. एकच पर्व टिकला. आता कुठल्याशा गल्लीत मुलांना उच्चार शिकवतो म्हणे. नावडता व्हायला माणूस आधी आठवावा लागतो. ते काम मी करतो.

१७ मार्च, सोमवार

शूटिंगला सुट्टी. बायको दवाखान्यात. दुपारभर चौथ्याचे जुने भाग लावून बसलो, हातात पेन्सिल.

सुरुवात झकास झाली. किडकिडीत देह, कान बाहेर, चालणं तर असं की आता पत्र टाकून पुढच्या घरी जाईल. भराभर टिपून घेतलं. मग तो प्रसंग आला. यानाचा संपर्क तुटलाय. त्याच्या घरून निरोप यायचाय. तो कानांवर यंत्र चढवून बसतो आणि ऐकतो. एवढंच. संवाद नाही, संगीत नाही. निरोप येत नाही. मग तो यंत्र काढतो, त्याची वायर नीट गुंडाळतो आणि जिथल्या तिथे ठेवतो.

मी पेन्सिल खाली ठेवली. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तिथे मी असतो तर डोळ्यांत पाणी आणलं असतं, मूठ आपटली असती, कॅमेऱ्याकडे तीन चतुर्थांश चेहरा दिला असता. तो नुसती वायर गुंडाळतो आणि मी तिसऱ्यांदा मागे नेतो.

चांगला आहे. माझ्याहून पुष्कळ चांगला आहे. हे इथं लिहितो. तिकडे लिहिणार नाही.

१८ मार्च

तिकडे हे लिहिलं – “एक माणूस बराच वेळ काहीही ऐकत नाही आणि याला आपण अभिनय म्हणायचं? पुढे तो वायर गुंडाळतो. आमच्याकडचा वायरमन हे रोज करतो, त्याला कोणी कप्तान केलं नाही.” सोबत तो प्रसंग कापून जोडला. स्वतः बघा आणि हसा, म्हटलं.

धूमकेतू हसून लोळला. गुडघा दुखत असताना लोळला, हे विशेष. पहिल्यांदाच माझ्या लिखाणाखाली बदाम पडले.

लाज वाटली का? वाटली. चहा उकळेपर्यंत.

२३ मार्च, रविवार

आग लागली! जो तो तो तुकडा पुढे ढकलतोय. चौथ्याला ‘वायरमन’ हे नाव पडलं. गटाबाहेर गेला, मालिका न बघणाऱ्यांपर्यंत गेला. आज तर आईनंच मला पाठवला. फोन करून म्हणाली, “हा कोण रे?”

“सगळ्यांत वाईट कप्तान आहे तो, आई.”

“असं होय? मी दोनदा पाहिलं.” मग म्हणाली, “त्याचा निरोप आला का रे शेवटी?”

नाही आला, म्हटलं. माझा भाग लागला की आई दहाव्या मिनिटाला घोरते.

शून्य बाईंनी लिहिलंय, “वर्गात मुलांना हसवायला म्हणून तो तुकडा लावला होता. कोणी हसलं नाही.” गणिताच्या तासाला कोण हसणार, बाई!

३० मार्च, रविवार

निकाल! सर्वांत नावडता कप्तान – चौथा. मी शेवटून दुसरा. दगडापेक्षा वीट मऊ! तर मी वीट झालो, आणि विटेला पुढच्या पर्वाचा करार मिळतो.

बायकोला जेवायला बाहेर नेलं. “म्हणजे दुसरा कोणी तरी तुझ्याहून वाईट ठरला म्हणून आपण इथं आलोय?” तिनं विचारलं.

“हो.”

“आणि तो वाईट आहे का?”

मी वेटरला हाक मारली.

परत येऊन गट उघडला. निकालाखाली नुसती चौथ्याची चर्चा. त्याला एकाच पर्वात का घालवलं, तो असतो कुठे, बाकीचे भाग कुठे मिळतील. धूमकेतू लिहितो, “मत त्याच्याविरुद्ध दिलं खरं, पण काल रात्री अख्खं पर्व पाहिलं.” मूर्ख! शून्य बाईंचं एकच वाक्य होतं – “सहाव्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलेलं नाही.”

नाही काढलं तर उत्तमच. शांतपणे सही करता येईल.

२ एप्रिल

निर्माता फोन उचलत नाही. दुपारी निरोप आला – “राजा, मीटिंगमध्ये आहे. तो वायरचा सीन पाहिलास का? वाहिनीच्या साहेबांनी सगळ्यांना बसवून दाखवला. कोण तो शेजारी, त्याला शोधून हार घातला पाहिजे.”

पाहिला, म्हणून कळवलं. कराराचं विचारलं. “पुढच्या आठवड्यात नक्की.” नक्की म्हणाला आहे.

८ एप्रिल

ड्रेसवाल्या काकू मेकअपच्या खोलीत आल्या आणि खुंटीवरचा माझा सूट काढून टाचण्या लावायला लागल्या. कंबर चांगली चार बोटं आत घ्यायला सांगितलीय म्हणाल्या. बरं वाटलं. गोड सोडल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं. म्हटलं, आणखी थोडी घेतलीत तरी चालेल. काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढून हातात घेतली. “तुम्हाला कोणी बोललं नाही का? अहो, चौथे साहेब परत येतायत.”

बोलले की, म्हटलं. सूटच्या खिशात माझा चष्मा राहिला होता, तेवढा काढून घेतला.