अज्ञात वाहन

फ्लॅट बुश, ऑकलंड
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई सौ. नीलांबरीबाई यांना
आशालताचा नमस्कार.

दिवाळीच्या शुभेच्छा. उद्या पहिली आंघोळ. इकडे सगळे खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, तुम्ही जिना चढायला लागलात, असं माझ्या सुचित्राकडून कळलं. बरं झालं. डिसेंबरात तुम्हाला इथे यायचंय, तेव्हा गुडघे धड हवेतच.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही हो. मुद्द्याचं काही निघालं की नेमकी तुमच्याकडची रेंज जाते. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुम्ही अर्धं वाचून खाली गुलाबाचं फूल टाकणार. समोरची श्रुती गुरुवारी पुण्याला निघालीय, तिच्याकडे हे देते आहे. ती ते तुमच्या हातात ठेवील. चष्मा लावून बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

चकली यंदा छान झाली. बटाटे पुकेकोह्याहून आणले, त्यांचे पापडही घातले, पण इथल्या वाऱ्याचा काही भरवसा नाही, दोन वेळा डेकवरून उडाले. तुम्ही मागच्या खेपेला लावून गेलेलं स्वयंपाकघर मी आल्या आल्या पुन्हा माझ्या पद्धतीनं लावलं. तुम्ही आलात की तुमच्या पद्धतीनं लावालच. सिद्धी पाळण्यात होती तेव्हापासून आपलं हे चाललंय, सहा महिने तुम्ही, सहा महिने मी. एकाच खोलीत राहतो, एकाच पलंगावर झोपतो आणि एकमेकींच्या तोंडाला तोंड लागत नाही. ते एक चांगलंच आहे म्हणा.

सिद्धीची परीक्षा पुढच्या महिन्यात. इथली तेरावी म्हणजे आपली बारावी. तिचा मीडिया स्टडीज नावाचा विषय आहे, त्यात तिनं ब्रिटिश टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिका घेतल्यात. "टीव्ही बघायचा आणि मार्क घ्यायचे, हा कसला अभ्यास?" असं तुम्ही तुमच्या रवींद्रला म्हणाला होतात म्हणे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. उभ्या जन्मात आपलं एकदाच एकमत झालं, तेही चुकलं.

त्यांच्या मिसनी सांगितलंय की विषयातलं ओ की ठो कळत नाही अशा कुणाला तरी समजावून सांगा, म्हणजे तुमचं तुम्हाला पक्कं होईल. घरात तसा माणूस मीच. मग काय, सिद्धी शाळेतून आली की मी चहा टाकते, आम्ही दोघी सोफ्यावर बसतो आणि ती रिमोट घेऊन मला शिकवते. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आमचं अडत नाही. कॅमेरा वरून का लावला, रंग असे मळके का, पाऊस सारखा का. मीही माझी अक्कल पाजळते. मी तिला म्हटलं, अगं, हे पोलीस प्रेताभोवती पट्टी काय बांधतात, पांढरे डगले काय घालतात! तुझ्या आजोबांना पंचनाम्याला दोन पंच मिळवायची मारामार, चहा पाजून माणसं बसवावी लागायची. आणि ह्या मालिकांत इन्स्पेक्टरची बायको नेहमी सोडून गेलेली असते, हे लक्षात आलंय का तुझ्या? सिद्धी हसून हसून लोळली. म्हणाली, "आजी, दॅट्स अ कन्व्हेन्शन!" म्हणजे ठरलेली रीत. मी म्हटलं, बाई, आम्ही नाही गेलो सोडून. आम्ही डबे केले.

तिनं निबंधासाठी घेतलेला मुद्दा असा, की जुन्या मालिकांतला पोलीस धुतल्या तांदळासारखा असायचा. मग तो दारू प्यायला लागला, बायकोशी भांडायला लागला. आणि आताच्या मालिकांत पोलीसच गुन्हेगार निघतो. लोकांचा पोलिसांवरचा विश्वास जसा उडत गेला तशी मालिका बदलत गेली. पोरगी हुशार आहे. आजोबांवर गेलीय.

आता आजोबांचं. ह्यांचा वर्दीतला फोटो सिद्धीच्या टेबलावर असायचा, तुम्ही पाहिलाय. लहानपणी ती शाळेत सगळ्यांना सांगायची, माय आजोबा वॉज अ पोलीसमन. ह्या खेपेला मी जूनमध्ये आले तर फोटो टेबलावर नाही. साफसफाईत कुठे आत गेला असेल म्हटलं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सप्टेंबरच्या सुट्टीत एका दुपारी आम्ही एक भाग बघत होतो. त्यातल्या इन्स्पेक्टरनं भावाला वाचवायला एक पुरावा जाळून टाकला. सिद्धीनं तिथेच मालिका थांबवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, वॉज आजोबा बेंट टू?"

लबाड, पैसे खाणाऱ्या पोलिसाला तिकडे बेंट म्हणतात, एव्हाना मला तेवढं कळायला लागलं होतं. मी म्हटलं, कोण म्हणालं तुला? तर म्हणे, "नीलांबरी आजी. शी सेड ही गॉट सस्पेंडेड. शी सेड एव्हरीवन नोज."

मी उठून आत गेले. गॅसवर काही नव्हतं, तरी गॅस बघायला गेले.

नीलांबरीबाई, तुम्ही हे बोललात. माझ्या नातीला, माझ्या लेकीच्या घरात, माझ्याच पलंगावर झोपून उठून! तुमची जीभ कशी झडली नाही? दुसरं कुणी बोललं असतं तर मी एका कानानं ऐकून सोडून दिलं असतं. पण तुम्ही? तुम्ही?

मी तुम्हाला सगळं आठवून देते. तुम्ही विसरलात म्हणून नाही. तुम्ही काही विसरलेल्या नाही.

सुचित्रा-रवींद्रचा साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. रवींद्र तेव्हा इथेच, लग्नापुरता येणार होता. तुमचा धाकटा, चंद्रशेखर, दारू पिऊन गाडी घेऊन निघाला आणि रस्त्याच्या कडेनं चाललेल्या एका माणसाला उडवून घरी येऊन झोपला. हद्द ह्यांच्या चौकीची. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही रिक्षानं माझ्या घरी आलात. मी तुम्हाला कैरीचं पन्हं दिलं. तुम्ही ते घेतलं नाहीत, ह्यांच्यासमोर पदर पसरलात आणि रडलात. आणि रडता रडता म्हणालात, "दीर तुरुंगात असलेल्या घरात तुमची मुलगी कशी द्याल? आणि आम्ही तरी कुठल्या तोंडानं करून घेऊ?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पदर पसरणारी बाई धमकी देतेय, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं. ह्यांनाही कळलं असणार. आत सुचित्रा मेंदीच्या बाईशी फोनवर बोलत होती, हसत होती.

ह्यांनी कागदावर लिहिलं, अज्ञात वाहन. एवढंच. तुमचा मुलगा सुटला.

वर तक्रार गेली, चौकशी लागली, हे सस्पेंड झाले. कुणाला वाचवलं म्हणून वरचे विचारत राहिले. ह्यांनी तोंड उघडलं असतं तर ह्यांचं सस्पेन्शन उठलं असतं आणि तुमचा चंद्रशेखर आत गेला असता. नाही उघडलं. सस्पेंड झालेल्या माणसानं कन्यादान केलं आणि तुम्ही त्याच मांडवात तुमच्या जावेला म्हणालात, "सोयरीक जरा कमीच पडली आम्हाला." मी मागेच उभी होते. तरी तुमच्या पायांवर पाणी घातलं मी. मग ह्यांना कामावर घेतलं, पण कोपऱ्यातल्या टेबलावर. बढती नाही, काही नाही. निवृत्त झाले ते तसेच, आणि गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत. गुडघे दुखत होते तुमचे.

ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाले, "आपली पोर त्या घरात नांदायची आहे. माझ्या तोंडून निघणार नाही, तुझ्याही तोंडून निघता कामा नये." मी पाळलं. इतकी वर्षं तुम्हाला विहीणबाई विहीणबाई करत, तुमच्यासाठी बॅगेतून मेतकूट आणत पाळलं. तुम्ही गप्प बसला असतात तर मी ते मरेपर्यंत पाळलं असतं.

दसऱ्याला जेवायला सगळे टेबलाभोवती होते. श्रीखंड वाढून झालं आणि मी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नावानिशी. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. सुचित्रा रडायला लागली तरी मी थांबले नाही. रवींद्र ताट तसंच टाकून बाहेर गेला आणि तिथूनच त्यानं चंद्रशेखरला फोन लावला. मला आतून एवढंच ऐकू आलं, "हो की नाही, एवढंच सांग." आत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून तो तुमच्याशी धड बोलत नाही आणि तुम्ही सुचित्राला विचारता, त्याला ऑफिसचं टेन्शन आहे का गं? नाही हो, नीलांबरीबाई, ऑफिस उत्तम चाललंय.

इथेच हे पत्र संपवायचं असं माझ्या मनात होतं. पण राहिलंय.

मला वाटलं होतं, हे ऐकून सिद्धी मला मिठी मारील, आजोबांचा फोटो परत टेबलावर ठेवील. तसं काही झालं नाही. ती श्रीखंडाच्या वाटीत चमचा फिरवत बसली होती. मग म्हणाली, "सो ही वॉज बेंट." मी म्हटलं, अगं, पैसे नाही खाल्ले त्यांनी! तिनं चमचा खाली ठेवला. शेवटी मी म्हटलं, हो. होते. नवऱ्याबद्दल हा शब्द मला स्वतःच्या तोंडानं म्हणावा लागला. फोटो अजून तिच्या टेबलाच्या खणातच आहे. त्याचा राग मला पोरीवर येत नाही, तुमच्यावर येतो.

मग तिनं विचारलं, "अँड द मॅन? त्याचं काय झालं?"

ती मराठीत बोलली, म्हणून मी दचकले. सांगितलं. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो सुताराकडे कामाला होता, ते काम गेलं. सरकारी दवाखान्यात होता तोवर हे साध्या कपड्यांत त्याला बघायला जायचे आणि मी डबा द्यायची. हे कुठले कोण, त्याला कधी कळलं नाही. तो ह्यांना देवमाणूस म्हणायचा. हे घरी येऊन जेवायचे नाहीत.

सिद्धीनं त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, जमेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं निबंधाचा मुद्दाच बदलला. म्हणाली, ह्या मालिकांत मेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत दिसतो आणि पुढे सहा भाग आपण इन्स्पेक्टरची दुःखं बघत बसतो. मेलेल्याचं नाव शेवटी कुणालाच आठवत नाही. आता ती ह्यावरच लिहिणार आहे. मिस फार खूष आहेत. पण मला म्हणाली, "आजी, यू डिड इट टू. तू ती स्टोरी सांगितलीस ना, तेव्हा तू त्याचं नाव घेतलंच नाहीस." घेतलं नव्हतं.

आणि मग तिनं विचारलं, "नीलांबरी आजीला माहीत आहे त्याचं नाव?"

तुमच्यासाठी हे पत्र लिहिलंय ते ह्याकरता. रवींद्र तुमचं तिकीट रद्द करायला निघाला होता. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, नाही, येऊ देत. इथे सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तुम्हाला कुणी रागावणार नाही, कुणी जुनं काढणार नाही. विमानतळावर रवींद्र येईल, तुमची बॅग उचलील. घरी सुचित्रा तुमच्या पाया पडेल. मग सिद्धी तुमच्यासमोर बसेल आणि एकच विचारील, त्या माणसाचं नाव काय? तुम्ही सांगितलंत तर ती तुमची नात. नाही सांगितलंत तर, तिनं माझ्यासमोर म्हटलंय, ती पुन्हा तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. आणि ती माझ्यासारखी नाही, ती म्हणते ते करते.

तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही पन्हं न पिता, पदर पसरून इतका वेळ बसलात, पण त्याचं नाव विचारलं नाहीत, तो जिवंत आहे का तेही विचारलं नाहीत. चंद्रशेखरला विचारून बघा. त्याला आठवलं तर मी तुमचे पाय धरीन. ह्या पत्रात शोधू नका, मी मुद्दामच कुठे लिहिलेलं नाही. रवींद्र-सुचित्रा सांगणार नाहीत. ज्यांना विचारता आलं असतं त्यांच्या मयताला तुम्ही आला नाहीत. आता उरले मी.

मी सांगणार नाही.

या. वाट बघतो आहोत.

सिद्धीची आजी,
आशालता