समाधानम आमचा नव्हे

नरसरावपेट,
१२ जानेवारी १९८६

ती. सुवार्ताक्का हिस,
समाधानमचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी, दोन्ही सुखरूप पोचली. लोणचं धाकट्या एस्तेरने चार दिवसांत संपवलं. पत्राचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. कारण सांगतो, पण आधी चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव.

माझ्याविरुद्ध अर्ज गेला आहे. शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते आहे आणि यादीत माझं नाव पहिलं आहे. ज्याला ते सोसवलं नाही त्याने कचेरीत कळवलं, की सांबशिवराव मास्तर हा मुळात समाधानम आहे, ख्रिस्ती आहे, आणि अनुसूचित जातीच्या दाखल्यावर अठरा वर्षं नोकरी लाटतो आहे. कायदा तुला ठाऊकच आहे. आपल्या जातीचा मादिगा हिंदू असेल तर सवलत, ख्रिस्ती झाला की त्याला जातच उरली नाही असं सरकार धरतं. शाळेत घालताना तेव्हाच्या पाळकांनीच मला सांबशिवराव केलं, तू तिथेच उभी होतीस. आपल्या निम्म्या वस्तीला अशी दोन नावं आहेत, एक प्रार्थनाघरातलं आणि एक कागदावरचं. तेव्हा त्यात कुणाला पाप दिसलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात चौकशीचे साहेब गावी येतील आणि तुझा जबाब घेतील. अक्का, दोनच दिवस भिंतीवरचा क्रूस काढून ठेव. आईचं बायबल पेटीत घाल. आम्ही साधे हिंदू आहोत एवढंच सांग. नोकरी गेली तर हे घर, पोरींची शाळा, सगळं जाईल. तुझ्या भावजयीच्या, करुणाच्या हातून दूध रोज उतू जातं.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो. जास्त काय लिहू?

तुझा,
समाधानम

*

चिंतलपाडू,
२० जानेवारी १९८६

चि. समाधानम यास,
अनेक आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत.

चुलीवरचं उतरवायला सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर तेच तुझ्या डोक्यावर ओतायला मी पहिली बस पकडली असती.

क्रूस निघणार नाही. आपल्या बापाने, नान्नाने, तो ताडाच्या लाकडाचा स्वतःच्या हाताने केलाय, आणि तू शहाणा मला तो काढून ठेवायला सांगतोस? तू आईच्या पोटात होतास, मी तेरा वर्षांची होते. नान्ना देवीच्या जत्रेत ढोल वाजवायला गेला नाही म्हणून गावातल्या मोठ्या घरांनी दोन महिने आपलं पाणी तोडलं. आई तळ्याचं हिरवं पाणी उकळून पाजायची. वस्तीतली माणसं म्हणायची, जाऊन एकदा ढोल बडवून या, देव काय बघायला बसलाय? आई म्हणायची, शेवटपर्यंत टिकेल त्याचंच तारण, मधल्या थांब्यावर उतरणाऱ्याचं नाही. तू जन्मलास तो त्या हिरव्या पाण्यावर.

आणि जात गेली म्हणतं होय तुझं सरकार? त्या सरकारला म्हणावं, आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर येऊन बस एकदा. आमचे पेले अजून वेगळ्या खुंटीला टांगलेले आहेत. आम्हाला सगळ्यांना तळ्यात बुडवून बाप्तिस्मा दिला, पण जात काही भिजली नाही. लबाडी कायद्याची आहे, तुझी एकट्याची नाही, एवढं मला कळतं. पण त्यासाठी मी ख्रिस्ती नाही असं माझ्या तोंडून निघायचं नाही. जीभ झडली तरी नाही.

मिरच्यांची तोडणी चालू आहे, हातांची नुसती आग होते. करुणाला सांग, दूध मंद आचेवर ठेवावं.

रागावलेली असली तरी तुझीच,
सुवार्ताक्का

*

नरसरावपेट,
२ फेब्रुवारी १९८६

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा आई आठवली.

पण एक मला समजावून सांग. बाजारात आईने पोराचा हात धरलेला असतो. पोर कुठेही बघतं, खेळण्यासाठी रडतं, चिखलात बसकण मारतं, तरी हरवत नाही. कारण हात आईने धरलेला असतो, पोराने नव्हे. प्रभूने माझा हात धरला तो कागदावर काय लिहिलंय ते बघून सोडेल का? शाळेतल्या सरस्वतीपूजेला नारळ मीच फोडतो, कारण चार डोळे माझ्यावर असतात. पण फोडताना मनात त्याचंच नाव असतं. मोठी पोर घरात दीवेना आणि शाळेत देवी आहे. ती परवा विचारत होती, की स्वर्गात कुठल्या नावाने हाक मारतील? करुणा तिथून उठून गेली.

साहेब चौदा तारखेला येणार. क्रूस राहू दे हवा तर. तू तुझ्यापुरतं काहीही सांग. माझ्याबद्दल विचारलं तर मात्र गप्प राहा, मला ठाऊक नाही म्हण. एवढं तरी करशील ना?

माया पातळ करू नकोस.

तुझा,
समाधानम

*

चिंतलपाडू,
१९ फेब्रुवारी १९८६

चि. समाधानम यास, अ. उ. आ.

आले होते, गेले. साहेब भला माणूस वाटला, बरोबरचा कारकून खवट होता. ताक दिलं. साहेबांनी प्यायलं, कारकुनाने तहान नाही म्हणून सांगितलं. मी ख्रिस्ती आहे हे मी चारदा सांगितलं, शेवटी साहेबच कंटाळले. क्रूस भिंतीवर होता तसाच आहे. तुझ्याबद्दल जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. तू आता झोपत जा.

तुझी ती बाजाराची गोष्ट ऐकली. हात आईने धरलेला असतो, कबूल. पण मग भेटेल त्याला ही बाई माझी आई नव्हे असं सांगत सुटणाऱ्या पोराला काय म्हणायचं, ते नाही लिहिलंस.

रविवारी प्रभुभोजनाला मी मागेच बसून राहिले, भाकर-प्याला घेतला नाही. नवे पाळक अब्राहाम अय्यगारू प्रार्थना संपल्यावर विचारत होते, की पोट बिघडलं का. मिरच्यांनी हात पोळलेत, प्याला धरवला नसता, असं सांगितलं.

पोरींना पापे. पुढचं पत्र मोठं लिहीन, आज मन नाही.

सुवार्ताक्का

*

नरसरावपेट,
१० मार्च १९८६

ती. अक्का,
सा. न.

चौकशी संपली. माझ्यावर ठपका नाही. जूनपासून मुख्याध्यापक. हे वाचून तुला आनंद होईल, म्हणून आधी लिहिलं. आता बाकीचं.

कचेरीत मला बोलावून तुझा जबाब वाचून दाखवला. तू म्हणालीस, की माझा भाऊ ख्रिस्ती नाही. शहरात गेल्यापासून तो या प्रार्थनाघराची पायरी चढला नाही, पूजेत नारळ फोडतो, पोरीला देवी म्हणतो. आम्ही त्याला कधीच टाकलाय. समाधानम आमचा नव्हे. कारकुनाने शपथ घ्यायला लावली, तेव्हा तू आईचं बायबल हातात घेतलंस आणि तेच पुन्हा म्हणालीस. खाली तुझी सही आहे, तुझी ती उतरती सही.

अक्का, तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस. माझ्या शाळेसाठी दुसऱ्यांच्या रानात मिरच्या तोडल्यास, पण तोडलेली एक मिरची कधी ओटीत लपवली नाहीस. तू माझ्यासाठी हे केलंस आणि प्याल्यापासून दूर बसलीस. मिरच्यांनी हात पोळले म्हणे! तुझे हात तीस वर्षं पोळताहेत.

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. तुझा जबाब ऐकताना कुठे खोटं आहे ते मी शोधत होतो. टाकलाय हा एक शब्द सोडला, तर मला खोटं सापडलं नाही. मी खिडक्या लावून प्रार्थना करतो. वर्षातून दोनदा परगावी जाऊन मागच्या बाकावर बसतो. हे कुणी पाहिलं? ज्याने अर्ज केला त्याने महिनाभर माझ्यावर पाळत ठेवली. मी ख्रिस्ती असल्याचा पुरावा त्या माझ्या वैऱ्यालाही मिळाला नाही.

खरं सांग. तू मला वाचवायला बोललीस, की तुला तसंच वाटतं?

समाधानम

*

चिंतलपाडू,
१७ मार्च १९८६

चि. समाधानम यास,
आशीर्वाद, आणि कान धरून ऐक.

हो, बोलले. साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले. मला तसं वाटत असतं तर माझी जीभ अशी कोरडी पडली असती का रे? तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू तळ्याच्या काठावर थंडीने कुडकुडत होतास आणि तुला पदरात मी गुंडाळलं होतं. तू कुणाचा आहेस हे मला ठाऊक नाही?

गप्पच राहणार होते. तू सांगितलंस तसं मला ठाऊक नाही म्हणाले. तो कारकून हसला आणि म्हणाला, की सख्ख्या बहिणीला ठाऊक नाही म्हणजे पाणी मुरतंय, लिहा साहेब, ख्रिस्ती आहे. साहेबांनी लेखणी उचलली. माझ्या डोळ्यांपुढे तुझ्या दोन पोरी मिरचीच्या रानात वाकलेल्या दिसल्या. मग तोंड उघडलं ते बंदच होईना.

नंतर अय्यगारूंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाई, पश्चात्ताप कर, प्रभू क्षमा करतो. मी म्हणाले, अय्यगारू, तीच तर पंचाईत आहे, पश्चात्ताप होत नाही. उद्या साहेब पुन्हा आले तर पुन्हा बोलेन. मग कुठल्या तोंडाने प्याला घेऊ? ते बिचारे बायबलची पानं चाळायला लागले. माणूस चांगला आहे, पण अजून कोवळा आहे.

आईचं म्हणणं मला पाठ आहे. बावन्न वर्षं टिकले. नवरा गेला तेव्हा टिकले, दोन लेकरं मातीत ठेवली तेव्हा टिकले, आणि एका दुपारी, ताकाचा पेला सुकायच्या आत, मधल्या थांब्यावर उतरले. उतरले तर उतरले! माझं तारण गेलं असेल तर जाऊ दे, तुझ्या पोरींचं आयुष्य राहिलं. देवाला विचारायचं असेल तर विचारू दे, मी उत्तर देईन, त्याला घाबरते होय मी? तू मात्र वर गेलास की आईला समजावून सांग, सुवार्ता का नाही आली ते. नीट सांग. ती माझ्यावर रागावलेली मला सोसणार नाही.

मुख्याध्यापक झाल्याचे लाडू पाठव. तुपातले.

तुझी,
सुवार्ताक्का

*

नरसरावपेट,
२७ मार्च १९८६

ती. सुवार्ताक्का हिस,
तुझ्या समाधानमचा सा. न. वि. वि.

लाडू नाहीत. जूनमध्ये मी मुख्याध्यापक होणार नाही, आणि मास्तर तरी राहीन की नाही, देव जाणे.

काल कचेरीत अर्ज दिला. त्यात लिहिलं, की मी समाधानम, ख्रिस्ती आहे. माझ्या बहिणीने दिलेला जबाब मी गळ घातल्यामुळे दिला, दोष माझा आहे. पुढे लिहिलं, की मी मादिगाही आहे, कारण माझ्या गावात माझा पेला अजून वेगळा आहे. दोन्हींतलं एक निवडा असा कायदा आहे, तो चूक आहे, आणि मी दोन्ही लिहून देतो. खाली सांबशिवराव अशी सही केली नाही. साहेबांनी वाचलं आणि मास्तर, ऊन लागलंय का म्हणून विचारलं. अर्ज परत घ्या, मी पाहिला नाही असं समजतो, असं दोनदा म्हणाले. खरंच भला माणूस. मी पोच मागितली.

करुणाला सांगून गेलो नव्हतो. घरी येऊन सांगितलं तेव्हा तिने आधी चुलीवरचं दूध उतरवलं. मग म्हणाली, की पोरींना खोटं बोलायला शिकवायला दहा वर्षं लागली, खरं बोलायला शिकवायला किती लागतील कोण जाणे, आजपासून सुरू करू. संध्याकाळी सगळ्या खिडक्या उघड्या टाकून प्रार्थना म्हटली. दीवेना इतकी मोठ्याने गायली, की समोरचे लोक ओट्यावर आले. मला भीती वाटली. पण खिडकी लावली नाही.

मी शेवटपर्यंत टिकलो असं मला कधीच म्हणता येणार नाही, मधली अठरा वर्षं रिकामी आहेत. पण त्याने माझा हात सोडला असता, तर तुझा जबाब ऐकून मला एवढी लाज वाटली नसती, एवढं मला आता कळतं. तू माझ्यासाठी जे टाकून दिलंस ते मी ठेवून घेणार नाही. तुझं आणि देवाचं काय ते तू बघ. पण माझ्या नोकरीसाठी तू गेलीस असं मी आईला सांगणार नाही. स्वतः येऊन सांग.

समाधानम

*

चिंतलपाडू,
३ एप्रिल १९८६

मूर्खा,

आशीर्वाद नंतर. पत्र अब्राहाम अय्यगारूंसमोर वाचलं आणि अर्ध्यावर मी त्यांच्या अंगावरच ओरडले, जसं काही त्यांनीच अर्ज दिला. मग रडले. मग पुन्हा ओरडले. ते म्हणाले, बाई, याला पश्चात्ताप म्हणतात. म्हणू देत त्यांना काय म्हणायचं ते.

पोरींना घेऊन या. मागची खोली झाडून ठेवली आहे. वस्तीतल्या शाळेला मास्तर नाही, पगारही नाही, पण चाळीस पोरं आहेत. नोकरीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. लढायचं असेल तर लढू, कचेरीच्या दारात मीपण येऊन बसेन, आणि त्या कारकुनाला या वेळी ताक विचारणार नाही.

पण एक सांगून ठेवते, समाधानम. तुझ्यासाठी मी नरकात जायची पुरती तयारी केली होती. मनाला समजावलं होतं, आईलाही मनातल्या मनात निरोप दिला होता. ती सगळी तयारी तू वाया घालवलीस. आता आपल्या दोघांनाही स्वर्गातच जावं लागणार, आणि तिथेही मी तुझा कान सोडणार नाही.

लोभ कमी करायचा माझा विचार नाही, तूही करू नकोस.

तुझी थोरली,
सुवार्ताक्का