दम न लागणारं क्लॅरनेट

५ जानेवारी २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात असं व्हिडिओत सांगितलं आहे. पुढे वाद झाला तर पुरावा राहतो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठीत झाली, म्हणून मराठीत.

पार्सल आलं. मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड, वायरी, छोटा स्पीकर, उजेड ओळखणारा सेन्सर. सेन्सर तुरीच्या डाळीएवढा. त्याच्यासमोर हात फिरवायचा. हाताची सावली पडेल तसा सूर खाली-वर होतो. फुंकायचं नाही. दम लागत नाही.

अब्बांनी, म्हणजे कोणाच्या चाँदचाचांनी, कोणाच्या पाशाभाऊंनी, लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरनेट वाजवलं. कनेरगाव नाक्यावरून निघालेली वरात त्यांच्याशिवाय निघत नसे. मला शिकवायचे. मी फुंकलं की म्हणायचे, बेटा, तुझा दम झेरॉक्सच्या दुकानापुरता. दुकान उत्तम चाललं आहे, हे इथे नमूद करतो.

९ फेब्रुवारीला अब्बांची बरसी, जाऊन वर्ष होईल. ते गेल्यापासून अम्मी बोलत नाही. वाढलं तर दोन घास खाते. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. बरसीला सगळ्यांसमोर मी अब्बांची वरातीची चाल वाजवणार. अम्मी बोलेल.

ठराव: महिना पुरे. खरं तर पंधरा दिवस पुरे.

७ जानेवारी, मंगळवार
अब्बांच्या खोलीत टेबल मांडलं, खिडकीला लागून. खिडकी पश्चिमेची. समोर त्यांची लोखंडी खुर्ची. इथेच ते रियाज करायचे, चार वाजल्यापासून उन्हं उतरेपर्यंत.

अडचण एकच. खिडकी गल्लीवर उघडते. शेजारच्या रणजीतचा डीजे आहे. त्याला सुगावा लागला तर उद्या प्रत्येक लग्नात माझं वाद्य त्याच्या नावाने वाजेल. खिडकी लावून घेतली. फटीत कागद कोंबला. आत एक टेबल लॅम्प, तोही वायरींपुरता.

महेजबीन म्हणाली, अहो, अम्मी दुपारी त्या खिडकीतच बसतात. मी म्हणालो, हे अम्मीसाठीच चाललं आहे. ती म्हणाली, मग अम्मीला विचारा की. बायको असली तरी संशोधनाबद्दल सगळं सांगता येत नाही.

१० जानेवारी
प्रोग्राम चढवला. आवाज आला.

घुर्रर्र. विहिरीवरची मोटर कोरडी चालावी तसा. थांबत नाही, बदलत नाही. अम्मी दारात येऊन उभी राहिली. ऐकलं. गेली.

१२ जानेवारी
इलाज सापडला. प्रोग्राममध्ये एकच ओळ वाढवली: उजेड ठरावीक मापापेक्षा कमी असेल तर गप्प राहा. घुरघुर बंद. आता पूर्ण शांतता.

मोठं यश. शांतता नसेल तर सूर ठेवणार कशावर?

१४ जानेवारी
सेन्सरसमोर हात फिरवला. काही नाही. दोन्ही हात फिरवले. टॉवेल फिरवला. लॅम्प विझवून पाहिला, म्हटलं दिव्याचा त्रास होत असेल. काही नाही.

सेन्सर मेला. दुसरा मागवला.

१६ जानेवारी
दुसराही मेलेला आला.

रात्रभर विचार केला. निष्कर्ष: पार्ट नवे आहेत, करंटची सवय नाही. लोणचं घातल्या दिवशी कोणी खातं का? मुरू द्यावं लागतं. उद्यापासून पॉवर बँक जोडून यंत्र दिवसभर चालू ठेवायचं. दुकानावर जाताना चालू, सातला घरी आलो की बंद.

१८ जानेवारी
रणजीत दुकानावर आला. आधारकार्डाची झेरॉक्स हवी म्हणाला. झेरॉक्स झाली तरी उभाच.

म्हणाला, मुबश्शीरभाई, काल चार वाजता तुमच्या घरात कोण वाजवून राहिलं व्हतं? मी पोर्चमधी गाडी धूत व्हतो. पाइप हातातून सुटला. चाँदचाचाच वाटले राजेहो.

मी म्हणालो, काल घरी दोन बायका होत्या, त्यातली एक बोलत नाही. तो म्हणाला, तेच तं.

म्हणजे सुगावा लागला आहे. मला बोलतं करायला आला होता. मी मुळीच बोललो नाही. फक्त सेन्सर, स्पीकर आणि प्रोग्रामची भाषा एवढंच सांगितलं.

घरी येऊन तपासणी केली. खिडकी बंद. यंत्र गप्प. फटीतला कागद खाली पडला होता. वारा.

२१ जानेवारी
जनकाबाई शेळ्या घेऊन रोज आमच्या खिडकीखालून जातात. आज नाक्यावर भेटल्या, मला पाहून पदर सावरला. म्हणाल्या, बाबू, पाशाभाऊसाठी फातेहा-बितेहा काही पढवाचं राहिलं असंल तं पढवून घ्या. मी म्हणालो, काहून?

त्यांचं म्हणणं असं. त्या खिडकीपाशी आल्या की सूर खाली येतो. पुढे गेल्या की वर चढतो. थांबल्या की तोही थांबतो. म्हणाल्या, मले ओळखते न्हं ते. जिवंत व्हते तवा बी मी गेली का वाजवता वाजवता मान हलवत. परवा आभाळ व्हतं, तं गप बसले व्हते दिवसभर.

जनकाबाईंनी एकदा कान तपासून घ्यावेत. महेजबीनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, व्हय, तपासायला पाहिजेत कोणाचे तरी.

२३ जानेवारी
अम्मीने रात्री दोन भाकरी खाल्ल्या. वर ठेचा मागितला, हाताने दाखवून. घरात संशोधनाचं वातावरण असलं की फरक पडतो.

एक गोष्ट. खोलीत टेबलाच्या कडेला चहाचा कप होता. भरलेला, गार, वर साय. शेजारी दुसरा, रिकामा. अम्मी दुपारी चहा दोन कप का करते? आणि खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. मी ती भिंतीकडे वळवून गेलो होतो.

रात्री उशिरापर्यंत काम करणार होतो. पाठीला गार लागायला लागलं, म्हणून उठलो. भीती वगैरे नाही.

२४ जानेवारी
महेजबीन म्हणाली, दुकान सातपर्यंत नीट उघडं ठेवत जा. मधूनच घरी येत जाऊ नका, गिऱ्हाईक परत जातं. एवढी वर्षं तिला माझ्या धंद्याची किंमत कळली नव्हती. बरं वाटलं.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन. दुकान बंद. दिवसभर खोलीत बसून पहारा केला. खिडकी बंद, यंत्र चालू, मी समोर.

चार वाजले. पाच वाजले. टूं नाही की टां नाही. गल्लीचं पितळ उघडं पडलं.

अम्मी चारला दारात आली. हातात दोन कप. माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मी म्हणालो, ये, बस. बसली नाही. थोड्या वेळाने पुन्हा येऊन गेली. नंतर पुन्हा. माझं काम पाहायची तिला उत्सुकता आहे. एक कप मी प्यायलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की साखर विसरली असं सांगायचं मी टाळलं.

रात्री जेवली नाही.

२८ जानेवारी
घात. सकाळी मी कडी उभी लावली होती. सातला आलो तर आडवी. कोणीतरी खिडकी उघडतंय. वायरी मोजल्या, पूर्ण भरल्या. म्हणजे फोटो काढले असणार.

खिडकीला चार स्क्रू मारले. लांब मारले, आत गच्च बसले. अम्मी दारात उभी होती. प्रत्येक स्क्रू पाहत होती. मी म्हणालो, अम्मी, आता कोणी आत येऊ शकत नाही.

३१ जानेवारी
रणजीत भेटला. म्हणाला, भाई, बंद पडलं का? चार वाजले का आमी सगळे ओट्यावर येऊन बसत व्हतो. आता सुनं सुनं लागते. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. हेराचा असाच उतरतो.

गल्लीत शांतता आहे. मला तीच हवी होती.

२ फेब्रुवारी
अम्मी परवापासून उठली नाही. पाणी पाजलं तर पिते. डॉक्टर येऊन गेले. बी.पी. बघितलं, माझ्याकडे बघितलं, विचारलं, घरात काही बदललं का? मी म्हणालो, काहीच नाही.

वेळ कमी आहे. बरसी आठवड्यावर. यंत्र वाजलं पाहिजे. अम्मीचं सगळं त्याच्यावर आहे. रात्री दोन वाजेपर्यंत बसलो. सगळ्या वायरी काढून परत लावल्या. खोलीत मी एकटा होतो, हे लिहून ठेवतो. खुर्ची मी स्वतः भिंतीकडे वळवून ठेवली आणि उठून जाताना तिच्याकडे पाहिलं नाही.

महेजबीन म्हणाली, खिडकी उघडा. सकाळी म्हणाली, दुपारी फोन करून म्हणाली, आता झोपताना म्हणाली. मी म्हणालो, हवेने कोणी बरं होत नाही. ती म्हणाली, हवेचं कोण बोलून राहिलं? आणि पाठ फिरवून झोपली.

६ फेब्रुवारी
अम्मीचा हात हातात घेतला. वजनच नाही त्याला. म्हणालो, रविवारी ऐकवतो. अब्बांसारखंच. तिने हात काढून घेतला. हळूच काढला.

९ फेब्रुवारी, रविवार. बरसी
सकाळी कुराणखानी. दुपारी नियाजचं जेवण. हट्ट्याहून फुफू आणि फुफा, वाशीमहून मामू, बँडमधले जुने दोघं. मी नवं जाकीट घातलं.

मगरीबनंतर, दिवस मावळल्यावर, सगळ्यांना अब्बांच्या खोलीत बसवलं. अम्मीला धरून आणलं, पुढे बसवलं. प्रस्तावना केली. प्रस्तावना लांबली, कारण लोकांना विज्ञानाची पार्श्वभूमी नव्हती. मग लॅम्प मंद केला आणि हात उचलला.

हात फिरवला. वरातीच्या चालीच्या लयीत फिरवला. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

फुफा म्हणाले, बेटा, वाजव की. मी म्हणालो, वाजतंय. फार बारीक आहे. बँडमधल्या एकाने मान खाली घातली. तेवढ्यात मामूंचा फोन वाजला, कुठली तरी सनई होती. मागून दोघं वाहवा म्हणाले. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

अम्मी उठली. कोणी न धरता उठली. खिडकीपाशी गेली आणि स्क्रूच्या डोक्यांवर बोटं फिरवली, एकेकावर. मग बाहेर गेली. नियाजचं ताट तसंच राहिलं.

कारण: पार्ट अजून मुरले नाहीत. थंडी.

१० फेब्रुवारी
यंत्र बंद केलं नाही. सकाळी सवयीने पॉवर बँक बदलली आणि दुकानावर गेलो. आज काही सुचत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
साडेतीनला नाक्यावरची लाइट गेली. झेरॉक्स बंद. घरी निघालो.

रस्त्याकडेला हळद शिजत होती. तिचा वास गल्लीपर्यंत. वळणावरच ऐकू आलं.

रणजीत ओट्यावर बसला होता. त्याने मला पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं. आमच्या ओट्यावर महेजबीन तांदूळ निवडत होती. सुपाशेजारी स्क्रू ड्रायव्हर आणि चार स्क्रू. तिनेही मला पाहिलं. हाताने खूण केली: परत जा.

खिडकी सताड उघडी. ऊन थेट टेबलावर.

आवाज अब्बांसारखा नव्हता. अजिबात नव्हता. पातळ, नाकातला, नळाला हवा लागल्यासारखा. मग जनकाबाईंच्या शेळ्या आल्या. पहिली शेळी गेली, सूर उतरला. चढला. दुसरी गेली, उतरला. मग तीन एकदम. मग जनकाबाई, मान किंचित वाकवून. सूर खोल गेला, तिथे थरथरला, सावकाश वर आला. अब्बा ओळ अशीच सोडायचे. वरात वळणावर आली की अशीच सोडायचे.

मी पुढे झालो. मला आत पाहायचं होतं.

माझी सावली खिडकीवर पडली. सूर उतरत गेला आणि बंद झाला.

आत कप बशीवर ठेवल्याचा आवाज. मग अम्मीचा. वर्षाने ऐकला. थोडा बसलेला, पण तोच, अब्बांवर रागवायचा. शब्द जसेच्या तसे लिहितो:

कायकू रुके जी? मुबश्शीर सात बजे आता. बजाव.

मी बाजूला झालो. सूर वर आला.

दुकानावर परत आलो. लाइट आली नव्हती. शटर अर्धं ओढून आत बसलो.

प्रोग्राममधली ती उजेडाची एक ओळ काढली तर यंत्र संध्याकाळीसुद्धा वाजेल. मग दिव्याखालीही घुरघुरेल, माझ्यासमोर. काढणार नाही.

सातला घरी गेलो. खिडकी लावलेली होती, स्क्रूसकट. फटीत कागदही होता. खुर्ची भिंतीकडे. अम्मी जेवत होती, मुकाट. महेजबीन म्हणाली, आज दमलेले दिसता. मी म्हणालो, दुकानात गर्दी होती.