सतरा गळवं

३ तारीख, सोमवार
आले एकदाची. खोली छान आहे, खिडकीशी टेबल, गादी माझ्या घरच्यापेक्षा जाड. नोकरी ताईने मिळवून दिली. दोन वर्षं तीच इथे नर्स होती. आता थकले म्हणाली, तू जा. पोरगी तीन वर्षांची. सगळे तिला गुंडी म्हणतात आणि आहेही गुंडीएवढीच. अंगावर सतरा गळवं, पाठभर पुरळ. मोजून वहीत लिहिली. तिची आई बोलायला गोड, पण पोरीला हात लावत नाही, लांबूनच पापे देते. असल्या नाजूक आया मी पुष्कळ पाहिल्यात.

५, बुधवार
गुंडीची नखं कापली, टॉवेल वेगळा केला, कपडे उकळून घेतले. कोमट पाण्यात फडकं बुडवून दहा-दहा मिनिटं शेक, मग डॉक्टरांचं मलम. गळू दाबायचं नाही, आपोआप फुटलं तर पुसून झाकायचं, हे आईला दोनदा बजावलं. अडचण एकच. हातमोजे दिसले की गुंडी घर डोक्यावर घेते. ताईला फोन केला. ती म्हणाली, काढून टाक, मीही उघड्या हातांनीच लावायचे. नियमात बसत नाही. पण ताई सांगतेय म्हटल्यावर काढले.

९, रविवार
अकराच उरली. गुंडी आता माझ्या मांडीवर बसूनच जेवते, माझं नाक ओढते आणि त्याला बटाटा म्हणते. लेकरू लळा लावणारं आहे. माझ्या हातांना गुण आहे, असं मीच म्हणून घेते, दुसरं कोण म्हणणार.

१२, बुधवार
गुंडीची सहा. मला मात्र दंडावर, काखेत, पाठीवर उठली आहेत. पेशंटचा आजार नर्सने घेतला, शोभा आहे सगळी. मोजली, अकरा. डॉक्टर म्हणाले, संसर्ग आहे, होतो. त्यांनी मलाही तेच मलम दिलं.

१४, शुक्रवार
गुंडीची दोन, माझी पंधरा. वही पुन्हा पाहिली. तिची जेवढी कमी, तेवढी माझी जास्त. संसर्ग असा मोजूनमापून होत नाही. ताई फोन उचलत नाही.

१५, शनिवार
दुपारी ताई आली. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज. दोन वर्षं भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालायची, आम्ही चिडवायचो. आज तिचे दंड स्वच्छ होते.

तिने रडत रडत सगळं सांगितलं. जो मायेनं, उघड्या हातांनी लावतो त्याच्यावर हे चढतं. आपलं रक्ताचं माणूस इथे यायला कबूल झालं की उतरून परत पोरीवर जातं, आणि मग ते नवं माणूस ते अंगावर घेतं. मी हो म्हटलं त्या दिवशी तिचं अंग मोकळं झालं. पोरीच्या आधीही या घरात हे होतंच, आणि अंगावर घेऊन तिसरं वर्ष कुणी काढलेलं नाही. दोन वर्षं तिला स्वतःच्या लेकीला जवळ घेता आलं नाही, म्हणाली. तुला कुठे पोरं आहेत, असंही म्हणाली.

माझी सख्खी ताई. गुंडीची आई दारातच उभी होती. तिलाही सगळं ठाऊक होतं.

१७, सोमवार
सतरा. गुंडीचं अंग लख्ख. तिची आई तिला पोटाशी धरून बसली होती. गुंडी माझ्याकडे झेपावली तर तिने मागे ओढली— मला म्हणाली, लांब राहा. मी— जिने तिची लेक बरी केली—

१८
पाठ टेकवत नाही. पेन धरवत नाही—

भाचीचा फोन. ताईची लेक. सुट्टी लागलीय, आई सारखी कवटाळत बसते, कंटाळा आला, म्हणाली. मावशी, येऊ का तुझ्याकडे.

नाही म्हणणार होते. शप्पथ, नाहीच म्हणणार होते— ताईचा चेहरा आठवला— तिचे ते स्वच्छ दंड—

ये म्हणाले.

ती हो म्हणाली, उद्याच निघते—

दंडावरचं एक— आत्ता इथे होतं— सोळा— पंधरा— पलीकडच्या खोलीत गुंडी रडायला लाग—