डॉक्टरांना यावंच लागलं

डॉ. गर्गे यांस,

गंगापूर रोडच्या आमच्या वृद्धाश्रमात तुम्ही भिमाबाईंना न तपासताच फोनवरून झोपेची गोळी वाढवलीत. त्या दिवसभर गुंगीत पडून राहू लागल्या, जेवणही सुटलं. मग आम्ही सगळ्याजणींनी मॅनेजरला बजावलं, "डॉक्टर स्वतः येऊन तपासेपर्यंत झोपेची गोळी कुणीच घेणार नाही!"

दुसऱ्याच दिवशी तुम्ही आलात. भिमाबाईंना तपासताना तुमचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," म्हणालात आणि ती गोळी हळूहळू बंद केलीत.

काल त्या उठून बसल्या, पिठलं-भाकरी मागितली आणि म्हणाल्या, "लतिकाताई, लय झोपले बया!" सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या.

हे पत्र मी पाठवणार नाही. आमच्या हट्टामुळे आता दर सोमवारी तुम्हाला तपासायला यावंच लागतं. काय ते तोंडावर सांगेन.

तुमची पेशंट,
लतिका पाटणकर