मोशीच्या चौकातले बोलके वाद्य न कापणेबाबत

प्रति,
मा. क्षेत्रीय अधिकारी साहेब,
चौक सुशोभीकरण कक्ष, मोशी विभाग,
पिंपरी-चिंचवड.

अर्जदार : सौ. अनिता आदिनाथ येळवंडे, रा. भैरूवाडी, चाकणजवळ, ता. खेड.

विषय : चौकातील 'ध्वनिशिल्प' गॅस कटरने कापून भंगारात न देणेबाबत, तसेच त्यावरील श्री. प्रीतम येळवंडे यांचे नाव मुळीच न खोडणेबाबत.

संदर्भ : सदर शिल्प 'अपशकुनी' असल्याने दसऱ्यानंतर तात्काळ हटवावे, असा श्री. प्रीतम येळवंडे यांचा आपल्याकडील अर्ज.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, संदर्भातील श्री. प्रीतम येळवंडे हे अर्जदाराचे थोरले दीर आहेत. गावची जमीन कंपन्यांना गेल्यापासून ते मोशीत बंगला बांधून राहतात आणि समाजकार्य करतात. समाजकार्य म्हणजे नेमके काय, हे अर्जदारास अद्याप कोणी नीट सांगितलेले नाही. त्याला पांढरी गाडी आणि पुष्कळ फ्लेक्स लागतात एवढे दिसते. त्यांच्या बंगल्यासमोर चौकात जे लोखंडी शिल्प उभे आहे आणि ज्याच्याखाली 'संकल्पना, रचना व निर्मिती : प्रीतमदादा येळवंडे' अशी संगमरवरी पाटी आहे, ते अर्जदाराने घरामागच्या गोठ्यात स्वतःच्या हातांनी बनविलेले वाद्य आहे. ते कापू नये म्हणून हा अर्ज. पाटीवरचे नाव मात्र राहू द्यावे. त्याचे कारण ओघाने येईल.

२. अर्जदार चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या टेस्टिंगवर काम करते. बोर्डावर वायरचा जुडगा लावायचा, जोडणी पुरी झाली की बझर वाजतो, न वाजल्यास माल परत. एकदा चुकून अर्जदाराची बोटे दोन पिनांवर पडली आणि बझर बारीक आवाजात कण्हला. माणसाच्या अंगातूनही जोडणी पुरी होते, हे त्या दिवशी कळले. मग कुदळवाडीच्या भंगारातून ट्रकचे हॉर्न, कमानपाट्याचे तुकडे आणि एक पत्र्याचे पिंप आणले. कंपनीतून काडीही आणलेली नाही, हे येथे ठासून नमूद करते, कारण दिरांनी तसेही बोलून ठेवले आहे. पिंपाच्या दोन बाजूंना लांब काढलेल्या कमानपाट्यांच्या टोकांवर दोन ताम्हणे बसविली, एक सासूबाईंचे, एक अर्जदाराच्या लग्नातले. एका माणसाने एका ताम्हणावर हात ठेवायचा, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि दोघांनी एकमेकांचा मोकळा हात धरायचा. मग ते वाजते. हात घट्ट धरला की आवाज चढतो, सैल सोडला की उतरतो. हात सोडला की गप्प. एकट्या माणसाचा हात दुसऱ्या ताम्हणापर्यंत पोचत नाही, अंतर मुद्दामच तेवढे ठेवले आहे. गाडीच्या बॅटरीवर चालते, शॉक लागत नाही.

३. सासूबाई कै. गिरजाबाई यांनी प्रथम या उद्योगाला नावे ठेवली. "घरात रडायला माणसं कमी व्हती का, म्हून ही भोंगी आणलीस?" असे त्या म्हणाल्या. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. उजवा हात तेवढा राहिला. जिचा आवाज शिवेपलीकडे ऐकू जायचा ती बाई खाटेवर पडून नुसती आढ्याकडे बघू लागली. अर्जदाराने खाट गोठ्यात नेली, त्यांचा लुळा हात एका ताम्हणावर ठेवला, उजवा आपल्या हातात घेतला आणि आपला दुसरा हात पलीकडच्या ताम्हणावर ठेवला. साहेब, त्या दिवसापासून आत्याबाई पुन्हा बोलू लागल्या. चहा पाहिजे तर एक छोटा टोचरा सूर, राग आला तर कर्कश भोंगा, आणि आदिनाथ, म्हणजे अर्जदाराचे पती, शिफ्टवरून आले की खालच्या पट्टीत एक समाधानी गुरगुर. शेजारच्या कौशल्याबाई म्हणायच्या, "म्हातारीला देवानं मुकं केलं आन् सुनंनं पुन्यांदा भांडकुदळ केलं." एक आवाज आणखी होता. खालून सुरू होऊन वरवर चढत जाणारा, आणि वरच थांबून राहणारा. तो त्या थोरल्या लेकासाठी काढीत. तो आला की अर्जदार मोशीला फोन लावी. दादा मीटिंगमध्ये असत.

४. एकदा ते आलेही होते. उभ्या उभ्याच. अर्जदाराचा हात धरून आईने तोच चढता आवाज काढला, अर्जदाराने त्यांना म्हटले, भावजी, आज माझ्याऐवजी तुम्ही हात धरा. ते म्हणाले, "हे काय भोंगाड लावलंय? बंद करा आधी, डोकं दुखतंय," आणि गाडीत जाऊन बसले. गेल्या वर्षी श्रावणात आत्याबाई गेल्या. तेव्हा मात्र फ्लेक्सवर 'मातृछत्र हरपले' असे भले मोठे छापून आले, आणि त्यात आईपेक्षा दादांचा फोटो मोठा होता.

५. आता चोरीबाबत. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला अर्जदाराने घरच्या प्रथेप्रमाणे सगळी हत्यारे धुऊन पुसून पूजेला मांडली : पक्कड, सोल्डरिंगची गन, पतीचे पाने, आणि मधोमध हे वाद्य. चालू-बंद करण्यासाठी त्याला जुन्या टेम्पोचा स्विच बसविला आहे. तो इतका झिजलेला आहे की चालू असतानाही त्यातून किल्ली निघते. अर्जदाराने किल्ली काढून आत्याबाईंच्या फोटोपुढे ठेवली आणि हळदकुंकू वाहिले. आमच्याकडे पूजेत बसविलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावीत नाहीत. हे दिरांना पक्के ठाऊक, त्याच घरात वाढलेले आहेत. ते नेमके त्या दुपारी क्रेनचा टेम्पो आणि चार माणसे घेऊन आले. "आईची निशाणी हाय, थोरल्याच्या दारात पाहिजे," एवढेच म्हणाले. अर्जदाराने वाद्याला मिठी मारली असती तर ते हलले नसते. पण पूजेला बसलेल्याला हात कसा लावायचा? अर्जदार उंबऱ्यात हात बांधून उभी राहिली. पती म्हणाले, "जाऊ दे, भाऊ हाय माझा." दिरांनीही स्वतः हात लावला नाही, मजुरांकडून उचलविले. धर्म त्यांचाही वाचला. ते वाद्य चालू अवस्थेत गेले आणि किल्ली घरी राहिली, हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि अर्जदारानेही सांगितले नाही.

६. गुढीपाडव्याला चौकात उद्घाटन झाले. फ्लेक्सवर दादा, गळ्यात साखळी, कानाला हेडफोन, खाली 'नादब्रह्माचा उपासक'. अर्जदारास निमंत्रण नव्हते. कामावरून सुटल्यावर ती मोशीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसून चौकात उतरली आणि गर्दीत मागे उभी राहिली. 'आईची निशाणी' हे शब्द ना पाटीवर होते, ना भाषणात. पाहुणे म्हणाले, वाजवून दाखवा. दादांनी एका ताम्हणावर हात ठेवला. काही नाही. थापट्या मारल्या, पिंपाच्या पोटावर कान लावला, कपाळाचा घाम पुसला. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पूजेचे तबक घेऊन आल्या. ताम्हण दिसल्यावर आपल्या बायका दुसरे काय करणार? त्यांनी दोन्ही ताम्हणांत पाणी सोडले आणि बादलीत बुडवून ठेवलेली झेंडूची माळ या ताम्हणापासून त्या ताम्हणापर्यंत घातली. ओल्या माळेतून जोडणी पुरी झाली आणि वाद्याने जो सूर लावला तो सगळ्या मोशीने ऐकला. टाळ्या पडल्या. दादांनी डोळे मिटून हात जोडले. पण सूर थांबेना. पूजेची माळ लगेच काढणार कोण? पाहुण्यांचे भाषण त्यात बुडाले, जेवणे त्यातच उरकली, आणि दुसऱ्या दिवशी झेंडू वाळेपर्यंत ते वाजत होते. दादांनी पत्रकारांना सांगितले की हा 'अखंड नाद' आहे. अर्जदार बसस्टॉपच्या खांबाला धरून हसली. आत्याबाई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, हेही नमूद असावे.

७. पावसाळा लागला तसे पाणीच माळेचे काम करू लागले. पाऊस आला की सूर, पाऊस थांबला की सूर हळूहळू उतरे. किल्लीशिवाय बंद करता येईना. चौकात बसविताना बॅटरीचा डबा वेल्डिंगने बंद केलेला, वर चार्जिंगसाठी सोलरची पाटी, म्हणून वीज तोडूनही उपयोग नाही. मेकॅनिक बोलवावा तर चौकात बोभाटा होणार की निर्मात्यालाच निर्मिती बंद करता येत नाही. त्यामुळे दादा खिडक्या लावून बसले. अर्जदार कामाला जाताना ढग आलेले पाहून खूष होत असे. हा स्वभावदोष आहे, मान्य आहे. दरम्यान चौकातल्या बायकांना वाद्याचे मर्म आपसूक कळले. संध्याकाळी फिरायला आलेल्या दोघी जणी बोलता बोलता हात धरून टेकल्या आणि ते वाजले. आता तेथे जोड्या येतात, नणंद-भावजया, रुसलेली नवरा-बायको. सगळ्या मोशीला वाजविता येते, निर्माता सोडून.

८. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दादा स्वतः उतरून तेथे गेले. अर्जदार समोरच्या रसवंतीत बसली होती. योगायोगाने नव्हे. ती तेथे बऱ्याचदा बसते. दादांनी ताम्हणावर हात ठेवला, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पत्नींनी ठेवला, आणि दादांचा मोकळा हात धरला. सूर खालून सुरू झाला, वरवर चढत गेला आणि वर जाऊन थांबला. दादांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. त्यानंतरच आपल्याकडे अर्ज आला की हे शिल्प अपशकुनी आहे, 'त्यातून मयत आईच्या रडण्याचा आवाज येतो.' साहेब, या बाबतीत अर्जदार त्यांना दुरुस्त करू इच्छिते. आवाज आईचा आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले. पण ते रडणे नव्हे. ती हाक आहे. आई त्यांना अशीच बोलवायची. जिवंतपणी एकदा जरी थांबून ऐकली असती तर आज दोन्हींतला फरक कळला असता. आता ती हाक गॅस कटरने कापून कुदळवाडीच्या काट्यावर घालायचा त्यांचा बेत आहे. अर्जदाराकडे सासूची दुसरी कुठलीही आठवण बोलत नाही. फोटो मुकाच आहे.

९. तरी विनंती की, वाद्यास कटर लावू नये. ते अर्जदारास परत द्यावे, अशीही तिची मागणी नाही. ते जेथे आहे तेथेच, दादांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर, पुढचे सगळे पावसाळे उभे राहावे. पाटीवरचे त्यांचे नाव खोडू नये, उलट अक्षरे फिकट झाली असल्यास पुन्हा रंगवून घ्यावीत. निर्मिती त्यांची असल्याने देखभालही त्यांच्याकडेच द्यावी, आणि बंद करावयाचे झाल्यास ते त्यांनी चौकात सर्वांसमक्ष, स्वतःच्या हाताने करून दाखवावे. पाटीवर त्यांच्या नावाखाली फक्त एक ओळ वाढवावी. खर्च अर्जदार करील. ओळ अशी :

'आई गिरजाबाई हिचा हात ज्याने धरला नाही, त्याच्या एकट्याच्या हाती हे वाजत नाही.'

१०. आज पुन्हा खंडेनवमी आहे. कंपनीत पूजा झाली, सुट्टी मिळाली. अर्जदाराने घरी येऊन पक्कड, गन, पाने, सगळे पूजेला मांडले. पेन मात्र मुद्दाम मांडले नाही.

फक्त आपल्यापुरती नम्र,

(सही)
सौ. अनिता आदिनाथ येळवंडे
भैरूवाडी, दि. १ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. गोठ्यात वाद्यासह बसलेल्या कै. गिरजाबाईंचा फोटो. हात कोणाच्या हातात आहे ते स्पष्ट दिसते.
२. उद्घाटनाच्या माळेतील वाळलेला झेंडू.
३. वाद्य बंद करण्याची किल्ली : जोडलेली नाही. ती आत्याबाईंच्या फोटोपुढे पूजेत बसविली आहे, आज तिला हात लावता येत नाही. दसऱ्यानंतर पाहिजे असल्यास थोरल्या लेकाने आईच्या घरी येऊन स्वतः उचलावी.