मऊ पिना

प्रिय हेल्मी,

इथे गोदीत माझं ठीक चाललंय. बोटीची दुरुस्ती मार्चपर्यंत चालेल.

बर्फ उडवायचं मशीन शेजारच्या उर्होने सुरू करून दिलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. तसं जुनं पेट्रोल काढून कार्ब्युरेटर धुतला की ते कुणालाही जमतं. मोडलेल्या पिनेच्या जागी त्याने पोलादी बोल्ट ठोकला म्हणे. मोठा शहाणा. ती पिन मऊच लागते. दगड अडकला की ती मोडते आणि गिअर वाचतो. माझ्या पिना कॉफीच्या डब्यात आहेत. तूच बसव, त्याला बोलावू नकोस.

आईचा गुडघा कसा आहे? शनिवारी वाफेची न्हाणी तापवलीस, तेव्हा उर्होही आला होता का?

आणि एवढं कळव. त्याने बर्फातून वाट केली ती रस्त्यापर्यंत, की त्याच्या दारापर्यंत?

अजून तुझाच,
ओन्नी